जावयाने मागितलेला शिधा

१ ऑक्टोबर, बुधवार

रुपालीचं येणं रद्द. दसरा झाला की पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. खोली रंगवून घेतली, दत्तूने मळ्यातून पाळणा आणून टाकला. आणि आज दुपारी शारजाहून फोन. रक्तदाब वाढलाय, डॉक्टरने विमानात बसायचं नाही म्हणून सांगितलंय, पडूनच राहायचं. बोललं कोण, तर जावई. लेकीच्या हाती फोन मागाहून आला. ती आपली, "हो आई, बरी आहे आई."

डॉक्टर म्हणतो की जावई म्हणतो? इथे बसून कसं कळणार.

म्हटलं, मी येऊ का? प्रशांतराव लगेच, "याच आई. जमेल तितक्या लवकर या." इतकी घाई? सासूला या म्हणताना माणूस आधी जरा घसा तरी खाकरतो.

जायचं तर आहेच. माझ्या एकुलत्या एक मुलीचं पहिलं बाळंतपण परक्या हातांत होऊ देणार नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय.

२ ऑक्टोबर, दसरा

दत्तू द्वारका चौकात झेंडू विकून उरलेली फुलं घेऊन आला. धाकटा भाऊ, पण वडिलकीचा आव. जायचं म्हटल्यावर म्हणाला, "आक्का, तू जाय. पण जेवशील कुठं? लेकीच्या घरचं चालत नाय आपल्यात."

मी तेच मनात घोळवत होते. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचा घास घ्यायचा नाही. रु. लग्नानंतर पुण्यात होती तेव्हा मी सकाळी जाऊन संध्याकाळी परत, डबा माझा मी घेऊन. ती हसायची. हसू दे. माझ्या आईने पाळलं, मी पाळते.

एका दिवसाचं ठीक. दोन-अडीच महिने कसे काढायचे? शिधा इथूनच न्यावा लागणार. वहिनीचं मत, लेकीच्या हातावर पैसे ठेवायचे नि जेवायचं, दोष नाही. वहिनीचे नियम नेहमीच सोयीचे.

४ ऑक्टोबर, शनि.

द्वारका चौकातल्या तिकिटांच्या एजंटकडे. अत्तर लावून बसतो, त्याचाच मला संशय. दोन महिन्यांचा विसा, पुढे वाढवता येतो म्हणे. परतीचं तिकीट दाखवावं लागतं, ते तो "डमी" देणार. म्हणजे काय? म्हणजे खोटं. मी म्हटलं, उभी नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये छापलेल्या शिटा तपासण्यात गेली, खोटा कागद हातात धरून मी सरहद्द ओलांडायची नाही. खरं तिकीट द्या, महाग तर महाग.

निघताना म्हणाला, मावशी, खसखस नेऊ नका, तिकडे बंदी आहे, पकडतात. खसखस! मला वाटलं थट्टा करतोय. घरी येऊन शेजारच्या काळेबाईंना विचारलं, त्यांचा मुलगा होता तिकडे. खरं आहे. एकदा तरी खरं बोलला.

पेन्शन घराला पुरते, वर काही उरत नाही. बँकेत दोन ठेवी, दोन्ही म्हातारपणाच्या. एक मोडायची. दुसरीला हात लावायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी.

७ ऑक्टो., मंगळ

आजचं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

भर दुपारी जावयाचा फोन. मागे गाड्यांचे भोंगे. ऑफिसात भोंगे कुठून? इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "आई, तुम्ही तुमचा शिधा आणणारच असाल ना? तुमच्यात ते पाळतात म्हणून विचारलं."

मी म्हटलं, हो, आणणार.

"मग जरा जास्तच आणा. तांदूळ, डाळी, मसाला. रुपालीला इकडचं रुचत नाही. आणि आई, मी बोललो हे तिला सांगू नका. उगाच चिडेल."

फोन ठेवला. सासूने स्वतःचं खाणं घेऊन यायचं ते यायचं, वर घरालाही पुरवायचं? हाच जावई लग्नात "आम्हाला काही नको" म्हणून मिरवत होता. गोगलगाय नि पोटात पाय. आणि लेकीपासून लपवायचं ते कशाला?

८ ऑक्टो.

रु.ला आडून विचारलं. काय काय आणू गं? तर म्हणाली, काही आणू नकोस, खाली मल्याळी दुकान आहे, आपला कोलमसुद्धा मिळतो. मग तिकडचं रुचतं का? "रुचतं की. प्रशांतच करतो हल्ली सगळं, मला उठू कुठे देतो."

दोघांतला एक खोटं बोलतोय. माझी मुलगी खोटं बोलायला लागली की आधी हसते. आज हसली नाही.

१० ऑक्टो., शुक्र.

विहीणबाईंकडे गेले, गंगापूर रोडला. मनात एकच, मुलाची आई असून या का जात नाहीत? गुडघे दाखवले. गुडघे खरोखर सुजलेत, हे मान्य करायला हवं. पण बोलणं कसं, "प्रशांत सांगत होता, तुम्हालाच जायची फार घाई आहे." मला घाई? मी म्हटलं, या म्हणून धोशा त्यांनीच लावलाय. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. चहा निवला.

मग म्हणाल्या, हल्ली सकाळी अकरालाच फोन करतो, अर्धा-अर्धा तास बोलतो, पूर्वी सुट्टीशिवाय सवड नसायची. आईशी लेक बोलतो याचं त्यांना कौतुक. मला नाही कौतुक. एवढी सवड मिळते कुठून? साहेब झाला की कामचुकार झाला?

उठताना डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे केला, सुनेसाठी. मी विचारलं, यात खसखस आहे का? झालं. "विष तर नाही ना घातलं?" म्हणाल्या. तिकडे बंदी आहे हे मी तीनदा सांगितलं. तोंड फुगलं ते फुगलंच. लाडू नेले नाहीत. आता गावभर होणार, मंगलताईंनी सुनेच्या तोंडचा लाडू काढला.

१३ ऑक्टो., सोम

बाई असेल का? आज हा विचार आला आणि दिवसभर जाईना. बायको अंथरुणाला खिळलेली, नवरा भर दुपारी रस्त्यावर, आईशी लाडीगोडी, घराचं सामान सासूच्या डोक्यावर. मग पगार जातो कुठे?

रु.ला विचारलं, प्रशांतराव वेळेवर येतात का गं घरी? शनिवारी पण जातात? कुणाबरोबर? एकामागून एक विचारत गेले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आई, तुमची गेटवर रोज झडती घ्यायचे ना, ती आता तू दुसऱ्यांची घेतेस. माझ्या नवऱ्याची घेऊ नकोस."

फोन ठेवून दिला. मी रडले. लेकीने बोलल्याचं नाही. ती एकटी आहे तिथे आणि तिला ते कळतही नाही, याचं.

१६ ऑक्टो.

ठेव मोडली. बँकेतला पोरगेला साहेब, "काकू, व्याज बुडतंय." मला काय माहीत नाही? पेन्शनीतल्या माणसाला सगळे शिकवायला बसलेले. हयातीच्या दाखल्याचं विचारलं, तो नोव्हेंबरात द्यावा लागतो आणि मी तेव्हा तिकडे. म्हणाला, मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. मी जिवंत आहे हे मोबाईलला पटलं तर पेन्शन सुरू. आजकाल ज्याला त्याला खात्री करून द्यावी लागते.

प्र.चा फोन. दिवाळीआधी जमेल का? दिवाळीत तिकिटं दुप्पट, नंतरच येईन, सांगून टाकलं. तर म्हणाले, "बरं. पण परतीचं लांबचं काढा, आई." एकीकडे माझं खाणं जड, दुसरीकडे मी जास्त दिवस राहावं. या माणसाचा ताळमेळ काही लागत नाही.

१८ ऑक्टो., धनतेरस

सामान भरते आहे. कोलम, तूरडाळ, मुगाची डाळ, घरचा काळा मसाला, गूळ. सुरगाण्याची बाई दारावर येते तिच्याकडून नागली घेऊन दळून आणली, बाळंतिणीला भाकरीला. लाडू पुन्हा केले, खसखस वगळून. चवीला तसे नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, एजंटने बजावलंय.

वजनकाट्यावर बॅग सारखी जास्त भरते. दोन साड्या काढल्या. शाल काढली. डाळ काढवेना. शेवटी मागेल ते नेतेच आहे, माझा मलाच राग येतो. त्याच्यासाठी नाही, माझ्या मुलीच्या पोटात जाईल म्हणून.

२३ ऑक्टो., भाऊबीज

दत्तूला ओवाळलं. किल्ली दिली, घराची. कपाटाची माझ्याजवळ. वहिनीने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. पाहू दे.

दत्तूला सगळं सांगून टाकलं, शिध्याचं, भोंग्यांचं, अकराच्या फोनचं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "आक्का, तुला समदेच चोर दिसत्यात. लय विचार करू नको. पोरगी बघ, पोरीची तब्येत बघ, बाकी तिथं गेल्यावर कळंल." मग मला म्हणे मळ्यातली कोथिंबीर न्यायची का. विमानात कोथिंबीर!

२५ ऑक्टो., शनि. सहार विमानतळ

बॅगा गेल्या. दोन किलोचे जादा पैसे घेतले. शिक्का मारणाऱ्याने विचारलं, कशाला चाललात? म्हटलं, लेकीच्या बाळंतपणाला. हसला आणि शिक्का मारला. पहिल्यांदाच देश सोडते आहे. भीती वाटते. विमानाची नाही, तिथे काय बघायला मिळेल त्याची.

२६ ऑक्टो., शारजा

एवढंसं घर, एक खोली आणि हॉल. रु. सुजलीय, चेहरा गोल झालाय. मला बघून रडली आणि लगेच रागावली, एवढं सामान कशाला आणलंस म्हणून. जावई मान खाली घालून बॅगा ओढत होते.

स्वैपाकघर बघून घेतलं. डबे जवळजवळ रिकामे. तांदळाच्या डब्यात तळाशी मूठभर. मनात आलं, उपाशी ठेवतोय की काय माझ्या मुलीला. मग फ्रिज उघडला. दूध, सफरचंदं, बदाम भिजत घातलेले, नारळपाणी. सगळं तिचं. स्वतः संध्याकाळी दहीभात खाल्ला, तोही उभ्याने. मी विचारलं तर म्हणाले, ऑफिसात उशिरा जेवलो. रविवारी?

माझं मी वेगळ्या पातेल्यात शिजवलं.

२८ ऑक्टो.

सकाळी आठला तयार. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्डाची पट्टी, बॅग. रु. अंथरुणातून हात हलवते. मी डबा भरून दिला, माझ्याच डाळ-तांदळाचा. घेताना थबकले. "तुम्ही कशाला, आई." पण घेतला.

एसीच्या कंपनीत आहेत. बाहेर एवढं ऊन आणि घरचा एसी ते नसताना बंद असतो, रु. झोपते ती खोली सोडून. हे सगळं कुणा दुसऱ्या बाईसाठी पैसा वाचवणं नाही. एवढं मला कळतं. मग काय ते कळत नाही.

३० ऑक्टो., गुरु.

कळलं.

रु.ला झोप लागली म्हणून दहाच्या सुमारास खाली उतरले, मल्याळ्याच्या दुकानात लिंबं बघायला. वाट चुकले. इमारतींच्या मागे छोटी बाग आहे, झाडांखाली बाकं आहेत, तिथे सावलीला चार-पाच माणसं बसलेली. त्यांत एक इस्त्रीचा शर्ट.

गळ्यात पट्टी होती, पट्टीला कार्ड नव्हतं. मोबाईल कानाला, इंग्रजीत कुणाला तरी सांगत होते की मी लगेच रुजू होऊ शकतो. मला बघितल्यावर फोन बंद केला. उठले. काय करावं सुचेना तशी बाकावरची बॅग बाजूला केली, मला जागा करून दिली.

बसले. मग त्यांनीच सांगितलं. कंपनीने माणसं कमी केली, गणपतीच्या सुमाराला. नोटिशीचा पगार संपला. विमा नोव्हेंबरअखेर, विसाही त्याच सुमाराला जाणार, बाळ डिसेंबरात. तिला विमानात बसवता येत नाही आणि इथे ठेवायला नोकरी लागते. रोज इथे बसून अर्ज करतात, मग दुपारी चालत कुठे कुठे भेटायला जातात.

मी म्हटलं, दोघांनी मिळून मला फसवलंत. शिधा मागवलात, खरं एक अक्षर नाही सांगितलंत.

"दोघांनी नाही, आई. रुपालीला माहीत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"डॉक्टरने बजावलंय, तिच्या डोक्याला ताण नको. रक्तदाब वाढला तर दोघांना धोका. शिध्याचं तुम्हालाच विचारू शकत होतो. तुमच्यात पद्धत आहे म्हणून तुम्हाला वेगळं वाटणार नाही, असं वाटलं."

वेगळं वाटणार नाही! मला काय काय वाटलं ते या माणसाला सांगण्याची माझी छाती नाही. शरमेने मान वर होईना. त्याच वेळी रागही आला, हे लपवत नाही. मुलीची आई मी, मला कळायला नको?

दुसरी ठेव मोडते म्हटलं. नको म्हणाले. सोमवारी एका ठिकाणी मुलाखत आहे, ती होऊ दे. मग हात जोडले. बागेत, सगळ्यांदेखत. "तिला तेवढं कळू देऊ नका."

लिंबं न घेताच वर आले.

१ नोव्हेंबर, शनि.

आज माझं पातेलं वेगळं लावलं नाही. घरात शिजतंय ते माझंच धान्य, तर कुणाच्या घरचं कोण खातंय? दत्तूला विचारलं तर गोंधळेल. एका ताटात वाढून घेतलं. रु. म्हणाली, "बाई गं, नियम मोडलास?" मी म्हटलं, बाळाच्या नावाने जेवते. ती खूश झाली. प्रशांतराव पानातून मान वर काढेनात.

मला खोटं बोलायची सवय नाही. संशय घ्यायची आहे. दोन्ही एक नव्हेत, हे आज कळतंय. संशय घेताना माणूस निवांत असतो, बोट दुसऱ्याकडे असतं. आता रु.च्या खोलीत शिरायचं म्हणजे आधी दाराबाहेर चेहरा नीट करावा लागतो.

आणि तिला न सांगणं बरोबर आहे का? उद्या तिला कळलं की अख्खं घर तिच्याभोवती नाटक करत होतं, तर रक्तदाब तेव्हा नाही वाढणार? डॉक्टरला विचारावं तर भाषा येत नाही, प्रशांतरावांनाच दुभाष्या करावं लागेल. ते सांगतील तेच मला कळणार. पुन्हा तेच. या माणसावर विश्वास ठेवायचा ठरवलाय, पण तो ठेवताना माझा जीव खालीवर होतो.

३ नोव्हें., सोम

मुलाखत. सकाळी जरा लवकर निघाले. मी दही-साखर हातावर ठेवली. रु.ने अंथरुणातून विचारलं, दही कशाला? मी म्हटलं, उगाच, सोमवार आहे.

संध्याकाळी आले. बूट काढताना माझ्याकडे बघितलं, मान ना होकाराची, ना नकाराची. कळवतो म्हणालेत म्हणे. कळवतो म्हणणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिलीत.

४ नोव्हें., मंगळ

रु.चे पाय चेपत होते. सूज कालपेक्षा थोडी जास्त वाटली. ती छताकडे बघत होती, अचानक म्हणाली, "आई, तू आल्यापासून आधी त्याला सारखं काहीतरी विचारायचीस. चार-पाच दिवस झाले, काहीच विचारत नाहीस."

"काय विचारायचं? कामाला जातात, येतात."

"तेच म्हणते मी. तू आणि कुणाला काही विचारत नाहीस?"

मी पायच चेपत राहिले. तिने पाय ओढून घेतला. कोपरावर उठून बसली, उठू नको म्हटलं तरी. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "काय लपवताय दोघं मिळून?"

मी म्हटलं, डाळ लागेल गं खाली, बघून येते. स्वैपाकघरात आले आणि गॅस बंदच होता. तिथेच उभी राहिले. तिने हाक मारली नाही, म्हणजे तिला पटलेलं नाही. उद्या ती परत विचारणार. तिच्या जागी मी असते तर आजच विचारलं असतं.